खोब्रागडीच्या पुरातलं परमिट

आमच्या भागात लोक मला दोन कारणांनी शिव्या देतात. हिवाळ्यात मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक असतो म्हणून, आणि उरलेल्या महिन्यांत गावची लाईट जाते म्हणून. दोन्ही शिव्या मी टाळ्यांसारख्या घेतो. नाटकात शिवी पडली नाही तर समजायचं, भूमिका पडली. आणि लाईट गेल्यावर फोनवर शिवी आली नाही तर समजायचं, मोबाईलचा टॉवरही गेला.

मी सुधाकर. गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या काठावर एक वीज सबस्टेशन आहे, तिथला ऑपरेटर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात मूर्ख मी एकटाच आहे आणि गावाचा काही दोष नाही. गोष्ट एका माणसाच्या जिवाची आहे. रैनू मडावी नावाचा आमचा लाइनमन खांबावर चढला होता, त्याचे दोन्ही हात तारेवर होते, आणि ती तार बंद आहे असं त्याला लिहून देणारा माणूस मी होतो.

ज्यांनी सबस्टेशन फक्त रस्त्यानं जाताना पाहिलं आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. तारेचं कुंपण, आत गिट्टी, गुणगुणणारे मोठे डबे, 'धोका' लिहिलेली कवटी आणि एका खोलीत खुर्चीवर बसलेला, रिकामा वाटणारा माणूस. तो रिकामा वाटणारा माणूस मी. आमच्याकडे धानासाठी तलाव असतात. तलावाला तुडूम असतं, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. तुडूम उघडलं की पाटानं पाणी बांध्यांमध्ये जातं. माझं सबस्टेशन म्हणजे तसाच तलाव. चंद्रपूरकडून मोठ्या मनोऱ्यांवरून वीज येते, इथे थोडी निवते, आणि मग पाच पाटांनी पन्नासेक गावांना जाते. त्या पाटांना आम्ही फिडर म्हणतो. तुडुमाच्या जागी असतो ब्रेकर. ब्रेकर चढला की गावात उजेड, पडला की मला शिव्या.

आता परमिट. लाइनमनला तारेवर काम करायचं असलं की तो माझ्याकडे येतो. मी ब्रेकर पाडतो, पाटी लटकवतो, वहीत लिहितो, त्याची सही घेतो. हे परमिट. त्यानंतर जग इकडचं तिकडे होवो, साहेबाचा फोन येवो, आमदाराचा येवो, ज्यानं परमिट घेतलं त्यानं स्वतः येऊन परत करेपर्यंत ती लाईन चढत नाही. नदीकाठच्या भागात मोबाईलला रेंज नसते, म्हणून आमच्याकडे ते फोनवरही परत होत नाही. माणूस डोळ्यांसमोर उभा पाहिजे, दोन हात, दोन पाय, शाबूत. बाकी सगळ्या धंद्यांत सही म्हणजे कागद असतो. आमच्या धंद्यात सही म्हणजे तो माणूस परत आला.

नोकरीला लागलो तेव्हा संकटं वेळापत्रकानं यायची. मृगाच्या आधी एक वादळ, श्रावणात एक पूर, की झालं. आता पोळा झाला तरी पाऊस कोसळतो, माघात गारा पडतात, आणि एप्रिलात असं वारं सुटतं की मोहाचं जुनं झाड फिडरवर आडवं. उन्हाचं तर विचारूच नका. आमच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं तेल उन्हाळ्यात इतकं तापायचं की आम्ही त्याच्यासमोर दोन मोठे कूलर लावून ठेवायचो. गावातल्या एका बाईंनी कुंपणाबाहेरून ते पाहिलं. त्यांच्या घरची लाईट गेली होती. पदर खोचून त्या म्हणाल्या, "वा रे वा. आमचे लेकरं उकडून मरून राह्यले अन् तुमचा डबा कूलरपुढं बसून हवा खाऊन राह्यला." मी म्हणालो, "बाई, हा डबा आजारी पडला तर पन्नास गावं कूलरवाचून राहतील." त्या म्हणाल्या, "मंग त्याले सरबतही पाजा." दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच पन्ह्याचा तांब्या पाठवला. डब्याला नाही, मला.

दुसरे एक गृहस्थ, मुलीचं लग्न काढलेलं, भर मांडवातून धावत आले. म्हणाले, "भाऊ, वारं सुटलं तरी लाईन पाडू नका, हळद लागेपर्यंत तरी थांबा." मी म्हणालो, वाऱ्याला कळवतो. वाऱ्यानं ऐकलं नाही. पण त्या लग्नात मला जेवायला बोलावलं होतं आणि पंगतीत वाढणाऱ्यानं माझ्या पानात मुद्दाम मीठ दोनदा वाढलं.

तर अशा रोजच्या वादळांवर उपाय म्हणून सुधारणा आल्या. आणि मी त्यांची चेष्टा करणार नाही, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. जंगलातून जाणाऱ्या तारांना आवरण चढवलं, म्हणजे फांदी घासली तरी लाईन पडत नाही. पूर येतो तिथले खांब उंच केले. एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूनं वीज फिरवता येईल अशी जोडणी झाली. आणि सबस्टेशनात कॉम्प्युटर आला. पडद्यावर पाचही फिडर चित्रासारखे दिसतात, ब्रेकर माऊसनं चढवता-पाडता येतो, आणि लांबच्या नियंत्रण कक्षातूनही तेच करता येतं. एका उन्हाळी वादळात झाड पडल्यावर तिकडून कोणीतरी क्षणात तुटका भाग वेगळा केला आणि बाकीच्या गावांत पंखे फिरत राहिले. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर रिकामा होतो, आणि मला ते फार आवडलं.

इथून माझ्या पतनाचा पहिला अंक सुरू होतो.

आमच्या शाखेच्या अभियंता कोमल मॅडम नागभीडकडच्या. घरी धानाची शेती, त्यामुळे चिखलात बूट घालून उतरायला कधी कचरत नाहीत. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण धाकानं माझ्या मास्तरांएवढ्या. एके दिवशी त्या अचानक आल्या. कॉम्प्युटरला पासवर्ड असतो. चौघा ऑपरेटरांसाठी एकच होता आणि तो मी ठेवला होता. मॅडमनी खोलीत चहूकडे नजर फिरवली. भिंतीवर माझ्या नाटकाचं पोस्टर होतं. मिशा, तलवार आणि खाली माझ्या भूमिकेचं नाव: दुर्जनसिंग. मॅडमनी खुर्ची ओढली, दुर्जनसिंग टाईप केलं, आणि कॉम्प्युटर उघडला.

"सुधाकरभाऊ," त्या म्हणाल्या, "हे पोस्टर आरमोरीपासून कुरखेड्यापर्यंत प्रत्येक पानठेल्यावर लागलं आहे."

"हो ना," मी म्हणालो. मला वाटलं कौतुक चाललं आहे.

मग त्यांनी अर्धा तास मला समजावलं. वादळ आपल्याला दिसतं, पण दुसरा एक शत्रू असतो जो तारेतून, इंटरनेटमधून आत येतो, आणि कुठल्यातरी परमुलखात बसून आपला ब्रेकर चढवू शकतो. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा. या कॉम्प्युटरला बाहेरचं इंटरनेट लावू नका. परमिट दिलं की पॅनलवरचा खटका 'लोकल'वर फिरवा, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम त्या ब्रेकरला पोचणारच नाही. मी मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि त्या गेल्यावर पासवर्ड बदलला. दुर्जनसिंग एक.

दुसरा अंक. पावसाळा लागला आणि नियंत्रण कक्षाकडून येणारी केबल झाड पडून तुटली. दुरुस्तीला वेळ होता. रोजचे आकडे तर पाठवायचे. मी काय केलं, माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट त्या कॉम्प्युटरला जोडला. आकडे गेले, वरून शाबासकी आली. शाबासकीनं माणूस बिघडतो. दोन दिवसांनी मोबाईलवर कोणीतरी एक दुवा पाठवला: झाडीपट्टीची नाटकं, पूर्ण, फुकट पाहा. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं स्वतःला कधी प्रेक्षकांतून पाहिलेलं नाही, तो काय करील? मोबाईलचा पडदा तळहाताएवढा. समोर कंपनीचा पडदा खिडकीएवढा. मी तो दुवा मोठ्या पडद्यावर उघडला. त्यानं सांगितलं, आधी हा प्लेअर बसवा. बसवला. परवानगी मागितली. दिली. नाटक काही दिसलं नाही. नुसतं एक चाक गोल गोल फिरत राहिलं. मला वाटलं, रेंज कमी आहे. मी बंद केलं आणि चहा प्यायला गेलो.

चार-पाच दिवसांनी झड लागली. तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. खोब्रागडी फुगली, आणि नदी ओलांडून पलीकडच्या चार गावांना जाणाऱ्या फिडरचा अलीकडच्या काठावरचा खांब कलला. तार पाण्याच्या दिशेनं लोंबू लागली. पलीकडे अंधार. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सताईंचा, रेंज जाण्याआधी, शेवटचा फोन मला आला होता. "भाऊ, फ्रिजमध्ये सापाचं औषध अन् लेकरांच्या लसी हायेत. बर्फ उद्यापर्यंत पुरतो. जास्तीचं देवाले सांगावं लागते." पावसाळ्यात आमच्याकडे साप घरात शिरतात. उद्यापर्यंत, हे शब्द मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.

त्याच दिवशी सकाळी नऊला रैनूभाऊ परमिट घ्यायला आला. रैनू मडावी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला कंजूष, झाडावर आणि खांबावर सारख्याच सहजतेनं चढणारा. माझी सगळी नाटकं त्यानं पाहिली आहेत आणि एकाचंही कौतुक केलेलं नाही. फार विचारलं तर म्हणतो, "आवाज पोचला."

मी माऊसनं ब्रेकर पाडला. पडद्यावर लाल चौकोन हिरवा झाला. आमच्यात लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद, हे उलटं वाटेल पण तसंच असतं. मी पाटी लटकवली आणि वही पुढे केली.

रैनूभाऊनं सही केली नाही. म्हणाला, "दांडा ओढला?"

आवारात, ब्रेकरच्या पुढे, प्रत्येक फिडरला हातानं ओढायचा एक स्विच असतो. दांडा खाली ओढला की वर तीन पाती उघडतात आणि तारेत हातभर मोकळी हवा तयार होते, डोळ्यांना दिसणारी. नियम तसा आहेच, पण कॉम्प्युटर आल्यापासून भर पावसात आम्ही जरा आळस करायचो.

"ब्रेकर पडला ना भाऊ," मी म्हणालो. "पडद्यावर हिरवं दिसून राह्यलं. बाहेर पाय काय, माणूस बुडेल इतका पाऊस हाय. माझा घसा बसेल."

"घसा बसला तर डॉक्टर हाय. मी बसलो तर काय हाय?"

"विश्वास नाई का माझ्यावर?"

"तुयावर हाय. त्या टीव्हीवर नाई. जा, दांडा ओढ, कुलूप लाव, अन् किल्ली मले दे. मंग सही."

मी छत्री घेतली, तिला वाऱ्यानं उलटं केलं, मी तिच्या घराण्याचा उद्धार केला, दांडा ओढला, कुलूप लावलं आणि कुडकुडत किल्ली आणून दिली. रैनूभाऊनं खिडकीतून वर बघून तीन पाती मोजली, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, सही केली आणि दोघा साथीदारांना घेऊन निघाला. मी त्याच्या पाठीमागे दुर्जनसिंगाच्या आवाजात म्हणालो, "याचा बदला घेतला जाईल." तो वळलासुद्धा नाही.

आणि या सगळ्या गडबडीत, ओला, चिडलेला, चहाची वाट पाहणारा मी, पॅनलवरचा खटका 'लोकल'वर फिरवायचा विसरलो.

तिसरा अंक. साडेदहा-अकराचा सुमार. रैनूभाऊ एव्हाना खांबावर असणार. मी आकडे पाठवण्यासाठी हॉटस्पॉट सुरू केला आणि टॉवेलनं डोकं पुसत होतो. पडद्याकडे नजर गेली. माऊसचा बाण हलत होता.

माझा हात टॉवेलवर होता. माऊस टेबलावर स्थिर होता. बाण मात्र पडद्यावर फिरत होता, नवख्या माणसासारखा, इकडे डोकाव, तिकडे डोकाव. मी खरं सांगतो, मी आधी मागे वळून पाहिलं, कोणी आहे का. नंतर टेबलाखाली पाहिलं. तेवढ्यात बाण पहिल्या फिडरवर गेला आणि ब्रेकर पडला. बाजूच्या पॅनलमधून आवाज आला, धाड. तिसऱ्या फिडरवर गेला. धाड. वीस गावं अंधारात. मी माऊस धरला आणि ओढला. बाण माझ्याकडे आला, परत गेला. मी डावीकडे, तो उजवीकडे. तीस वर्षं रंगमंचावर तलवारबाजी केली, पण समोर माणूस नसलेली लढाई पहिलीच.

मग बाण नदीच्या फिडरवर गेला. ज्याच्यावर परमिट होतं त्याच्यावर. पडद्यावर एक चौकट उघडली: खात्री आहे का? मी 'नाही'कडे ओढत होतो. तो 'हो'वर गेला.

धाड. पॅनलवर लाल दिवा.

त्या क्षणाला रैनूभाऊचे हात तारेवर होते हे मला माहीत होतं. तीन किलोमीटरवर. फोन लागत नाही. ओरडून ऐकू जात नाही, माझा आवाज कितीही पोचत असला तरी. मी खुर्ची पाडून पॅनलवर झेपावलो, खटका 'लोकल'वर फिरवला, आणि हातानं ब्रेकर पाडला. हिरवा. मागे वळलो तर बाण अजून हिंडत होता, पाचव्या फिडरकडे. मी कॉम्प्युटरच्या मागची नेटवर्कची केबल उपटली. बाण चालतच होता. दुसरी केबल उपटली, ती प्रिंटरची निघाली. तेव्हा डोक्यात उजेड पडला: तो तारेनं येतच नव्हता. तो माझ्या मोबाईलमधून येत होता. चोर दारातून आला नव्हता, माझ्या पँटच्या खिशातून आला होता. मी हॉटस्पॉट बंद केला. बाण पडद्याच्या मधोमध थांबला.

हे सगळं मिनिटभरात झालं असेल. मग मी त्या पावसात आवारात धावलो, चप्पल न घालता, गिट्टीवरून, आणि वर पाहिलं. तीन पाती उघडी. मध्ये हातभर हवा, आणि त्या हवेतून पाऊस पडत होता. ब्रेकर चढला तेव्हा वीज त्या पात्यांपर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. पुढे तिला रस्ता नव्हता. मी तिथेच गिट्टीवर बसलो. मला हसू येत होतं.

पाच पाटांपैकी दोन बंद झाले होते, ते मी पुन्हा चढवले. गंमत अशी की त्या वीस गावांतून एकही शिवी आली नाही. एवढ्या पावसात लाईट गेली, यात कोणाला नवल वाटलंच नाही.

दुपारी रैनूभाऊ परत आला. पाणी वाढल्यामुळे काम अर्धंच झालं होतं. खांब दोरानं ताणून धरला होता, तार अजून बांधायची राहिली होती. तो दारात उभा राहिला, चिखलानं माखलेला, दोन हात, दोन पाय. मला त्याला मिठी मारायची होती. तो म्हणाला, "चहा हाय का?"

मी सांगितलं. ब्रेकर आपोआप चढला होता म्हणून.

"आपोआप काही चढत नाई," तो म्हणाला. "कोण चढवला?"

"बाहेरून कोणीतरी. कॉम्प्युटरमधून."

"आत कोण घेतला?"

मी म्हणालो, "चौकशी होईल." हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट बोललेलं वाक्य.

संध्याकाळच्या आत कोमल मॅडम जीपनं आल्या. त्यांनी कॉम्प्युटर वेगळा काढून ठेवला आणि आमचं सगळं काम हातानं चालू ठेवायला सांगितलं. लॅपटॉप जोडून तपासल्यावर त्यांना त्यात तो प्लेअर सापडला. "नाटकाचा आहे," त्या म्हणाल्या आणि चौघा ऑपरेटरांच्या नावांची यादी समोर ठेवली. "पासवर्ड सगळ्यांचा एकच. कोणी बसवला, हे मशीन सांगू शकत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं. बाहेरच्या माणसाचा पत्ता नंतरही नीट लागला नाही. कोणीतरी, कुठेतरी. त्याला हे सबस्टेशन आहे की धानाची गिरणी, हेही कदाचित ठाऊक नसेल. तो दारं ढकलत चालला होता. उघडं दार माझं निघालं.

त्या दिवशी घरी मी काहीच बोललो नाही. बायको म्हणाली, "आज संवाद विसरले का?" मी म्हणालो, नाही, पाठ करतो आहे.

सकाळी पाऊस उघडला. आठ वाजता रैनूभाऊ उरलेल्या कामाचं परमिट घ्यायला आला. मॅडमही होत्या. रात्रपाळीचा ऑपरेटर वामन घरी जायच्या तयारीत होता. पलीकडच्या फ्रिजमधला बर्फ आज संपणार होता. मी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि सांगून टाकलं. प्लेअर मी बसवला. हॉटस्पॉट माझा. खटका मी विसरलो. स्वतःला पाहायची हौस होती, म्हणून. चार वाक्यांत संपलं. मी आयुष्यात इतकं छोटं भाषण केलेलं नाही.

वामननं डबा खाली ठेवला. रैनूभाऊनं वही माझ्यासमोरून उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"वामन," तो म्हणाला, "तू थांबतो का दोन तास? परमिट तू दे." मग माझ्याकडे वळला. "तू माह्यासंगं चाल."

जुन्या लाइनमनांमध्ये एक रीत होती. कुठल्या पुस्तकात नाही. लाईन बंद आहे असं ज्यानं सांगितलं त्याच्यावर संशय आला, तर त्यालाच खांबापाशी न्यायचं आणि आधी त्याला तारेला हात लावायला लावायचा. मी ती ऐकून होतो, पाहिली नव्हती. रस्त्यात मी मॅडमना हळूच विचारलं, "हे नियमात बसतं का?"

"दोन्हीकडून आर्थिंग लावल्यावर बसतं," त्या म्हणाल्या. "आणि ते मी स्वतः तपासणार आहे."

नदीकाठी चिखल, वाहून आलेली लाकडं आणि मातीचा वास. रैनूभाऊनं लांब दांडीनं तारा तपासल्या, आर्थिंगच्या साखळ्या अडकवल्या, मॅडमनी दोनदा पाहिल्या. म्हणजे आता कोणी कुठूनही वीज सोडली असती तरी ती जमिनीत गेली असती. हे मला तोंडपाठ आहे. मी ते लोकांना समजावून सांगतो. लोंबणाऱ्या तारेचं टोक माझ्या छातीइतकं खाली आलं होतं.

"लाव," रैनूभाऊ म्हणाला.

प्रेक्षक होते चारच: रैनूभाऊ, त्याचे दोघे साथीदार आणि मॅडम. पलीकडच्या काठावर गावातले काही लोक जमले होते, त्यांना काय चाललं आहे ते कळत नव्हतं. तीस वर्षं मी लोकांच्या जिवाची हमी खुर्चीवर बसून दिली होती, आणि ती हमी हाताला कशी लागते हे मला माहीतच नव्हतं. मी हात पुढे केला आणि तार मुठीत धरली. गार होती. ओली. नुसती तार.

मी हात काढणार, तेवढ्यात तो म्हणाला, "काढू नको."

"काऊन?"

"मी वरून खाली येईपर्यंत हात तिथीच. तू इथी धरून, मी तिथी धरून."

आणि तो चढला. घाई नाही, काही नाही. वर त्यानं तार ओढली की माझ्या मुठीत ती हलायची, सोडली की सैल व्हायची. त्याचं सगळं काम मला हातातून कळत होतं. आता गाठ घालतो आहे, आता नट आवळतो आहे, आता घाम पुसतो आहे. माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग दंड दुखायला लागला, मग तेही जाणवेनासं झालं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हात बदला." वरून आवाज आला, "बदलू द्या, पण सोडू नका म्हना." मी हात बदलला. एक मूठ पूर्ण आवळल्याशिवाय दुसरी सोडली नाही. पाऊण तास झाला असेल, कदाचित जास्त. इतकं जिवंत मला कुठल्याही रंगमंचावर वाटलेलं नाही.

तो उतरला. चिखलात पाय रोवून उभा राहिला आणि खांबाकडे बघून म्हणाला, "सोड आता."

आम्ही सबस्टेशनला परत आलो. त्यानं वामनच्या वहीत परमिट परत केल्याची सही केली, किल्ली दिली, वामननं कुलूप काढून दांडा वर केला आणि ब्रेकर हातानं चढवला. थोड्या वेळानं नर्सताईंचा फोन आला, टॉवर सुरू झाला होता. "भाऊ, फ्रिज घुमून राह्यला." मी तो फोन रैनूभाऊच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, मान हलवली, फोन परत दिला.

नंतर माझ्यावर रीतसर कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. पासवर्ड चौघांचे वेगळे झाले. त्या कॉम्प्युटरला आता बाहेरचं काही जोडता येत नाही, आणि परमिटच्या वहीत 'खटका लोकलवर' आणि 'दांडा ओढला' अशा दोन नव्या ओळी छापल्या गेल्या. मॅडम दुसऱ्या सबस्टेशनांत प्रशिक्षण देतात तेव्हा मला घेऊन जातात. मी तिथे त्या बाणाचं सोंग करतो. लोक खूप हसतात, आणि हसता हसता आपापल्या खिशातल्या मोबाईलकडे बघतात. तेवढ्यासाठी मी ते सोंग करतो.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी रैनूभाऊ चहा पिऊन उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"उद्या जंगलातल्या लाईनीवरच्या फांद्या तोडायच्या हायेत. चार-पाच घंट्याचं काम हाय. पाळी कोणाची हाय?"

वामन म्हणाला, "सकाळची सुधाकरभाऊची. माझी परवा."

मी खाली बघत होतो. रैनूभाऊनं डोक्याला दुपट्टा बांधला, गाठ मारली.

"मंग परमिट उद्याच घेऊ," तो म्हणाला.